लेकीच्या दातांची तार गालात रुततीय, घरात सासूबाई आहेत: क्लिनिकला न्यावं का?

कळंब्याची_आई | 14 जून 2021, रात्री 10:42

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी लेक तेरा वर्षांची. जानेवारीत तिच्या दातांना तार बसवली, वर आणि खाली दोन्हीकडे. वरचे पुढचे दात फार बाहेर होते, म्हणून वरच्या दोन दाढा काढून मग तार. डॉक्टर कोल्हापुरात राजारामपुरीत आहेत, महिन्याला एकदा बोलवायचे. मार्चची तारीख झाली. एप्रिलची लॉकडाऊनमध्ये गेली. मेमध्ये शेजारच्या बिल्डिंगमध्ये पाच जण पॉझिटिव्ह निघाले, मग आम्ही दूध आणायलासुद्धा खाली उतरत नव्हतो.

शनिवारी दुपारी बाईसाहेबांनी भडंग खाल्लं. नको म्हणून सांगितलेलं. उजव्या बाजूचं मागचं एक ब्रॅकेट (तार अडकवायला दातावर चिकटवलेला तुकडा) सुटलं, तार मागे सरकली आणि तिचं टोक गालात टोचायला लागलं. आत पांढरी जखम झालीय. कापूस ठेवते, तासाभरात भिजून निघतो. दोन दिवस पोरगी आमटी-भातावर आहे.

क्लिनिकला फोन केला तर म्हणाले, या. पण घरात सासूबाई आहेत, 71 वर्षांच्या, मधुमेह आहे. त्यांचा कोविड लसीचा पहिला डोस 12 एप्रिलला झाला, दुसरा दोन डोसमधल्या 84 दिवसांच्या अटीत अडकलाय. लेकीच्या वयाला तर लसच नाही. जिल्हा निर्बंधांच्या चौथ्या स्तरात. नणंद म्हणते, दातासाठी कुणी जीव धोक्यात घालतं का. मिस्टर म्हणतात, सगळंच काढून टाका आता, नंतर बघू.

मला भीती वाटते ती त्या खुर्चीची. बाकी सगळीकडे माणूस मास्क लावून बसतो, तिथे मात्र आ वासून बसायचं, आणि दहा मिनिटांपूर्वी तिथेच दुसरं कुणीतरी आ वासून बसलेलं असतं. शिवाय मार्चमध्ये गेलो तेव्हा तिथल्या मदतनीस मुलीने फोनवर बोलायला मास्क हनुवटीवर ओढलेला मी बघितला होता. तेव्हा काही बोलले नाही. आता तेच आठवतंय.

जावं का? गेलं तर क्लिनिकला नेमकं काय विचारावं? आणि तोवर गालाचं काय करू?

---

निपाणीकर | 14 जून, रात्री 11:20

ताई, आमचा मुलगा पण कोल्हापुरातच दाखवतो. आम्हाला यायला काही नाही, पण परत कर्नाटकात जाताना कोगनोळी नाक्यावर कोविडच्या आरटीपीसीआर चाचणीचा रिपोर्ट मागतात. तार आवळायला दर वेळी नाकात काडी घालायची का? म्हणून डॉक्टरांनी दोन महिने फोटोवर चालवलं.

फोटोची युक्ती सांगतो, कारण पहिले दहा फोटो आमचे फुकट गेले. पोराला सकाळी खिडकीकडे तोंड करून बसवायचं, फ्लॅश बंद. दोन स्टीलचे चमचे घ्यायचे आणि त्यांच्या दांड्यांनी त्याने स्वतःच गाल दोन्हीकडे ओढून धरायचे. दात चावलेले असताना समोरून, उजवीकडून, डावीकडून. मग तोंड उघडून वरचे आणि खालचे. असे पाच फोटो. डॉक्टर त्यावर बघून सांगतात, या किंवा नका येऊ. तुम्ही पण आधी फोटो पाठवा, नुसतं फोनवर "टोचतंय" म्हटलं की ते बिचारे "या"च म्हणणार.

---

शाहूपुरीचा_पैलवान | 15 जून, सकाळी 7:05

वहिनी, एक अनुभव सांगतो, करू नका म्हणून सांगतो. मागच्या वर्षीच्या लॉकडाऊनात आमच्या पोराची तार अशीच बाहेर आलती. म्हनलं त्यात काय, आपल्याकडं पक्कड हाय. गाडीच्या डिकीतली पक्कड गरम पाण्यानं धुतली आणि घातली पोराच्या तोंडात. तार तुटली न्हाई, पर दोन ब्रॅकेट हातात आली. पोरगं रडतंय, बायको माझ्याकडं बघतीय. नंतर डॉक्टरांनी लई झाडलं. एवढंच.

---

तारेवरचा_डॉक्टर | 15 जून, दुपारी 2:36

मी ऑर्थोडॉन्टिस्ट (वेडेवाकडे दात सरळ करणारा डॉक्टर) आहे, कोल्हापुरातच. तुमचे डॉक्टर कोण ते विचारत नाही, त्यांच्या उपचारावर इथून शेराही मारणार नाही. पण तुम्ही विचारलेलं नेमकं आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी गाल. मेडिकलमध्ये ऑर्थो वॅक्स मागा, छोट्या डबीत मेणाच्या कांड्या असतात. बरेचदा तार बसवतानाच डबी दिलेली असते आणि ती दप्तरात हरवते, तेव्हा आधी दप्तर बघा. टोचणारी जागा कापसाने पूर्ण कोरडी करा, मग वाटाण्याएवढं मेण बोटांत मळून त्या टोकावर दाबून बसवा. कोरडं न करता लावलं की पाच मिनिटांत निघतं, आणि मग लोक म्हणतात मेणाचा उपयोग नाही. कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या. सुटलेलं ब्रॅकेट तारेतच लोंबत असेल तर राहू दे, ओढू नका.

मेणाने भागलं नाही आणि टोकाची तार बारीक, लवचिक असेल तर चांगला नेलकटर साबणाने धुऊन, उकळून घेऊन तेवढं टोक कापता येतं. त्याआधी तुमच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉलवर दाखवा. मुलीला सरळ बसवून मान थोडी पुढे, आणि टोकाभोवती कापूस किंवा गॉज धरलेला हवा, म्हणजे तुकडा घशात जाणार नाही. तार जाड आणि चौकोनी असेल तर नेलकटर हरतो, तेव्हा नाद सोडा. पैलवानांची पक्कड तर नकोच!

आता जावं का. गाल सुजला, ताप आला, रक्त थांबेना, दाताला मार लागला, किंवा तुकडा गिळला आणि खोकला-धाप लागली, तर कोविड असो नसो, त्याच दिवशी निघायचं. शेवटच्या प्रकारात दातांच्या डॉक्टरकडे न जाता थेट हॉस्पिटल गाठायचं. तुमच्या वर्णनात यातलं काही नाही. पण रुतणारी तार आणि जेवण तुटलेलं पोर हे "बघू नंतर" मध्येही बसत नाही. माझ्याकडे असती तर फोटो बघून दोन-तीन दिवसांत सकाळची पहिली वेळ दिली असती.

तुमच्या मिस्टरांचं "सगळंच काढून टाका" मात्र पटत नाही, आणि त्याचं कारण नणंदबाईंनाही सांगा. ब्रॅकेट काढल्यावर दातावर चिकटलेला सिमेंटसारखा थर ड्रिलने घासून काढावा लागतो. आमच्या सगळ्या कामांत सर्वांत जास्त तुषार आणि धूळ त्याच कामात उडते. तार बदलणं हे त्यामानाने कोरडं काम: चिमटा, प्लायर, रबर, संपलं. म्हणजे घाबरून जो उपाय ते सुचवतायत तोच जास्त धोक्याचा. वर दाढा काढलेल्या जागा तशाच उघड्या राहणार.

दोन महिने चुकले म्हणून फार बिघडतं असंही नाही. सुरुवातीच्या निकेल टायटॅनियमच्या तारा हळू ढकलत राहतात आणि दात ओळीत आले की गप्प बसतात. जागा बंद करायला लावलेली रबराची साखळी तर पहिल्या दिवसातच निम्म्याच्या आसपास जोर घालवते, महिन्यानंतर ती नुसती शोभेची. उपचार लांबतो, बिघडत नाही.

बिघडतं ते वेगळ्या ठिकाणी, आणि ते मी स्वतः करून बसलोय म्हणून सांगतो. मार्च 2020 मध्ये दवाखाना बंद केला तेव्हा दीडशेवर मुलं माझ्याकडे तारेवर होती. सगळ्यांना मेसेज टाकला: घाबरू नका, तार तशीच राहू दे. त्यात गडहिंग्लजकडचा एक अकरा वर्षांचा मुलगा होता. त्याला तार नव्हती, टाळूला जबडा रुंद करायचा स्क्रू बसवला होता. आईने रोज किल्लीने एक वळसा द्यायचा, एका वळशाला साधारण पाव मिलिमीटर. मी आठ दिवसांनी बघून थांबवणार होतो. बघायला तो आलाच नाही, आणि "थांबा" हा एक शब्द कळवायचा माझ्याकडून राहिला. त्या माउलीने इमानेइतबारे स्क्रू संपेपर्यंत फिरवला. जूनमध्ये आला तेव्हा वरच्या दाढा खालच्या दाढांच्या पार बाहेरून बसत होत्या. ते परत जागेवर आणायला कित्येक महिने लागले. ती बाई मला एका शब्दाने बोलली नाही, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून माझ्याकडे एक वही आहे. ज्याच्या तोंडात स्वतःहून जोर लावणारी वस्तू आहे (स्क्रू, वरच्या जबड्यातून खालच्या जबड्यात अडकवायची रबरं, काही स्प्रिंगा), त्याचं नाव लाल शाईने. पुन्हा बंद पडलं तर पहिले फोन त्यांना. तुमच्या मुलीला अशी वर-खाली रबरं दिली असतील तर डॉक्टरांना आजच विचारा, चालू ठेवायची की थांबवायची.

आता खुर्ची. तुमची भीती रास्त आहे, फक्त ती थोडी हलवा: खुर्चीपेक्षा खोलीतल्या हवेला जास्त भ्या. खुर्ची पुसता येते. लोकांचं लक्ष मात्र फवारणीकडे असतं. मागच्या वर्षी दारात सॅनिटायझरचे बोगदे उभे राहिले होते, आठवतंय? माणसांवर अशी फवारणी करू नका असं केंद्राच्या आरोग्य खात्याने एप्रिल 2020 मध्येच सांगितलं होतं, तरी पुढे कित्येक महिने लोक मला विचारायचे, तुमच्याकडे बोगदा नाही का.

बोगद्याऐवजी हे विचारा. दोन पेशंटमध्ये किती वेळ ठेवता? खोलीतली हवा तासाला 12 वेळा बदलत असेल तर तरंगणारे 99.9 टक्के कण जायला 35 मिनिटं लागतात, 6 वेळा बदलत असेल तर 69. साधा स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, बदलत नाही. म्हणून खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट चालू आहे का, हे विचारा. माझा एसी वर्षभर बंद आहे. मे महिन्यात पीपीई घालून काम केल्यावर मोजे पिळता येत होते, पण खिडकी उघडी होती.

दुसरं: या भेटीत ड्रिल किंवा पाण्याचा फवारा लागणार आहे का? सुटलेलं ब्रॅकेट परत चिकटवायचं तर दात घासणं, ॲसिड लावून धुणं, पाणी-हवेची सिरिंज, हे सगळं आलं. मी या दिवसांत शक्य असेल तिथे तो एक दात वगळून तार बसवतो आणि ब्रॅकेट पुढच्या वेळी लावतो. चिकटवावंच लागलं तर दिवसातला शेवटचा पेशंट. तुमच्या डॉक्टरांना विचारायला हरकत नाही, त्यात त्यांचा अपमान नाही.

तिसरं: बाहेर किती जण बसलेले असतात? मे 2020 मधल्या केंद्राच्या सूचनांपासून आधी फोनवर चौकशी, मग भेट असा क्रम आहे. वेटिंगमध्ये चार जण असतील तर आत कितीही पीपीई घालून उपयोग नाही. खाली थांबा, फोन आल्यावर वर जा, एकच पालक.

डॉक्टर आणि मदतनीस दोघांचे एन-95 झडप नसलेले हवेत. झडपेचा मास्क आपल्यापुरता बरा, बाहेर सोडलेली हवा तो गाळत नाही. लस झाली का हेही खुशाल विचारा, आम्हाला जानेवारीपासून मिळतेय. सुरुवातीला 1 टक्का हायड्रोजन पेरॉक्साइडने चूळ भरायला देतील. विषाणू थोडा वेळ कमी व्हावेत म्हणून मीही देतो, पण भिस्त तिच्यावर ठेवत नाही.

आणि उलट बाजूही आहे. घरात कुणाला ताप, घसा, वास गेल्यासारखं वाटलं तर निघू नका, फोन करून तारीख बदला. आम्हालाही घरी आईवडील आहेत.

घरी ब्रशचं बघा. ब्रॅकेटभोवती नीट घासलं नाही तर चार आठवड्यांत दातावर खडूसारखे पांढरे डाग पडू शकतात. लॉकडाऊनने सर्वांत जास्त दात याच मार्गाने नासवलेत. ऑनलाइन शाळा, कॅमेरा बंद, सकाळचा ब्रश दुपारी.

---

क्लिनिकताई | 15 जून, रात्री 9:50

मी दुसऱ्या एका दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, नऊ वर्षं झाली. हनुवटीवरच्या मास्कबद्दल वाचून वाईट वाटलं. दिवसभर एन-95 घातला की कानामागे कापतं, चष्म्यावर वाफ येते, फोनवर समोरच्याला ऐकू जात नाही. तरी चूक ती चूकच. तिथल्या तिथे सांगा, राग येत नाही. म्हणजे येतो, पण जातो.

डॉक्टरसाहेबांनी अवजारांचं लिहिलं नाही, कारण ते धुतं कोण? आम्हीच. प्लायरच्या सांध्यात सिमेंट, रक्त अडकतं. ते ब्रशने घासून, सुकवून, मग पाउचमध्ये घालून ऑटोक्लेव्हला (दाबाखालच्या वाफेने जंतू मारायचं मशीन) लावायचं. 121 डिग्री, 15 पौंड दाब, 15 मिनिटं. नवीन मशीनला 134 डिग्रीवर 3 मिनिटांचं सायकल असतं. घाईत न धुता लावलं तर वाफ आतवर पोचत नाही. निळ्या दिव्याची पेटी असते ना, ती निर्जंतुक झालेली अवजारं ठेवायला. काही जण त्यालाच मशीन समजतात.

तुम्ही एवढंच म्हणा, "ताई, पाउच माझ्यासमोर फोडाल का?" पाउचवरच्या खुणेचा रंग बदललेला दिसला पाहिजे. तेवढ्यावर जाऊ नका मात्र, रंग फक्त सांगतो की उष्णता मिळाली. जंतू खरंच मेले का ते बघायला जिवाणूंच्या बीजाणूंची चाचणी असते, आमच्याकडे आठवड्याला होते. आणि हातमोजे घालून ड्रॉवर उघडला, मोबाईल घेतला, की ते मोजे गेले. हे बघा. मास्कपेक्षा जास्त चुका तिथे होतात.

---

कळंब्याची_आई | 19 जून, दुपारी 4:15

सगळ्यांचे आभार. काल जाऊन आलो, म्हणून सविस्तर लिहिते.

वॅक्सची डबी दप्तरातच सापडली! कंपासपेटीत, खोडरबराशेजारी. कोरडं करून लावलं तर रात्रभर टिकलं, बुधवारी पोळी खाल्ली. चमच्यांवाले फोटो तिसऱ्या प्रयत्नात जमले. फोटो बघून डॉक्टरांचाच फोन आला, शुक्रवारी साडेनऊ, दिवसातली पहिली. मी कागदावर प्रश्न लिहून ठेवले होते. एसीचं विचारल्यावर ते हसले, म्हणाले, कुणी सांगितलं हे? मी म्हटलं, आहेत आमचे. एसी बंद ठेवतो, दोन पेशंटमध्ये पाऊण तास, असं म्हणाले. ड्रिल लागणार नाही म्हणाले, ब्रॅकेट पुढच्या वेळी.

पावसाची रिपरिप होती. ॲक्टिव्हा खाली लावून आम्ही जिन्याखाली थांबलो, हाक आल्यावर वर गेलो. खिडकी सताड उघडी, पाऊस आत येत होता, खिडकीखाली बादली. मार्चमधलीच मुलगी होती. पाउच समोर फोडा म्हटलं तर तिने एक शब्द न बोलता माझ्यापुढे धरला, खूण दाखवली आणि फोडला. मास्क नाकापर्यंत नीट होता. मार्चचं काढलं नाही मी.

एकूण बारा मिनिटं. जुनी तार काढली, नवी घातली, तो दात सोडून. वर-खाली रबरं अजून दिलेलीच नाहीत, तेव्हा ती काळजी नव्हती. पुढची तारीख आठ आठवड्यांनी, मध्ये एकदा फोटो. वरच्या एका सुळ्यावर मात्र पांढरा डाग दिसतोय म्हणाले. फ्लोराइडची पेस्ट दिलीय आणि लेकीला आरसा हातात देऊन ब्रश करायला लावला, तिथेच बेसिनवर. तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

घरी आल्यावर ती थेट न्हाणीत. सासूबाईंपासून पाच दिवस वेगळ्या खोलीत झोपायचं ठरवलंय, खिडकी उघडी ठेवून. जास्त होतंय का माहीत नाही, पण मला झोप लागते.

गडहिंग्लजच्या त्या मुलाचं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, डॉक्टरला विचार, आता नीट आहे का त्याचं?

---

तारेवरचा_डॉक्टर | 19 जून, रात्री 10:08

आजींना सांगा, नीट आहे. फेब्रुवारीत स्क्रू काढला, आता रिटेनर (दात परत सरकू नयेत म्हणून घालायची पट्टी) लावतो. त्याची आई अजूनही दर रविवारी मेसेज करते: "डॉक्टर, रिटेनर चालूच ठेवायचा ना?" मी दर रविवारी उत्तर देतो.

डाग एकाच दातावर असेल तर वेळेत सापडला. रात्रीच्या ब्रशनंतर पेस्ट थुंकायची, चूळ भरायची नाही, म्हणजे ती दातावर राहते. आणि भडंगाचा डबा वरच्या फळीवर ठेवा.

---

कळंब्याची_आई | 19 जून, रात्री 10:31

डबा सासूबाईंनी आपल्या खोलीत नेलाय. रात्री कुरकुर ऐकू येते.